खडखड कंपनी आणि आक्काचा आवाज

आम्ही वडगावचे. वडगाव बेळगावच्या अंगालाच लागून, आता तर गावातच आल्यासारखं झालंय, पण माझ्या लहानपणी कुठला रं तू म्हणून कुणी विचारलं तर बेळगावचा असं आम्ही म्हणत न्हवतो, वडगावचा म्हणायचो. घराघरात माग. आधी हातमाग, मग विजेचे आले. आमच्यात दोन होते, रस्त्याकडच्या खोलीत, आणि मागच्या खोलीत आम्ही चौघं, आई, बाबा, आक्का आणि मी. आम्ही साड्या विणायचो, पण ती साडी आमच्या घरात कुणी नेसलेली मी बघितली न्हवती, ती सरळ पेठेत जायची. माझं नाव परशराम. घरात परश्या. आता कंपनीत सगळी सर म्हणतात. तुम्ही कंपनी कशी वाढली ते विचारायला आलासा, ते सांगतो, पण ते सांगायचं तर आक्काचं सांगावं लागतंय, त्याला माझा इलाज न्हाई.

आधी एक गोष्ट सांगतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. विजेचा माग चालू झाला की खोलीत बोललेलं ऐकू येत न्हाई. शेजारी उभं राहून ओरडलं तरी न्हाई. म्हणून मागावरची माणसं ओठ बघून बोलतात. हे कुणी शिकवत न्हाई, लहानपणी चालायला येतं तसं ते येतं. आई आतल्या दारात उभी राहून नुसते ओठ हलवायची, जेवायला या म्हणून, आणि बाबा मान हलवायचे. भांडणंसुद्धा तशीच व्हायची, ओठांवर, एक शब्द बाहेर न्हाई. समोरच्या घरातली सून खिडकीत उभी राहून आमच्या आईला सासूची गाऱ्हाणी सांगायची, मधी रस्ता, आवाज कुणाचाच न्हाई, आणि सासू तिच्या पुढ्यातच आमच्याकडं तोंड करून सुताच्या कांड्या भरत बसलेली. पाठीमागं काय चाललंय तिला काय पत्ता? मग एक दिवस सासूनं आमच्या आईचे ओठ वाचले. पुढचं काय सांगू तुम्हाला, दोन दिवस त्या घरातला माग बंद होता.

मी सातवीत असताना बाबा गेले. आक्का दहावीला होती. सुरेखा तिचं नाव, पण गल्ली सगळी आक्काच म्हणते, तिच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. तिनं शाळा सोडली आणि मागावर उभी राहिली. मला म्हणाली, तू शिकायचं, तुझा हात मागाला लागला तर मोडून ठेवीन. असं बोलायची ती. आणि तिचा आवाज, कसं सांगू, मागावर ओठ नीट उघडून बोलायची सवय झालेली, त्यामुळं शब्द न् शब्द सुटा, खणखणीत, आणि त्याला आमच्याकडचा हेल, थोडा कानडी, थोडा कोल्हापूरकडचा. गणपतीत गल्लीचं नाटक असायचं. बाईचं काम पुरुषच करायचे. एका वर्षी तो पुरुष तापानं पडला आणि ऐनवेळी आक्का उभी राहिली. तिला सगळ्यांची वाक्यं पाठ होती, माग चालवताना आमच्याच खोलीत तालमी व्हायच्या, तिनं ओठांवरनं सगळं नाटक पाठ केलतं. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं. त्या दिवसापासनं पुरुषानं साडी नेसायचं आमच्या गल्लीत बंद झालं.

मी पुण्याला शिकायला गेलो. दोन वर्षं राहिलो, कॅमेरा आणि जोडकाम, म्हणजे एडिटिंग, शिकलो. तिथं पहिल्याच दिवशी वर्गात मी उठून बोललो आणि सगळी हसली. वाईट हसली असं न्हाई, पण हसली. मग मी बोलणं बदललं. ते कसं बदललं ते मलाच कळलं न्हाई, पण सुट्टीला घरी आलतो तेव्हा आक्का आईला म्हणाली, आई गं, पाणी आण, पुण्याचा पाहुणा आलाय. गल्लीभर ती तशीच हाक मारत फिरली. मीही हसलो. पण एक सांगतो, मला ते कुठंतरी लागलं, आणि लागलं ते मी तिला सांगितलं न्हाई.

परत आल्यावर मी आणि बसू एकत्र आलो. बसू शेजारचा, घर कानडी, पण तो मराठीत शिव्या द्यायला माझ्यापेक्षा हुशार. त्याच्या मामाचा फोटो स्टुडिओ होता, तिथला जुना कॅमेरा घेऊन आम्ही लग्नं करायला लागलो. निपाणी, बोरगाव, खानापूर, लोंढा, जिथं बोलावतील तिथं. बोरगावच्या एका लग्नात नवरीची धाकटी बहीण होती, सुनीता. ती माझी बायको झाली. कशी, तर मी जोडून दिलेलं लग्नाचं चित्रण बघून तिच्या वडिलांचा फोन आला, म्हणाले, अहो, लग्न मोठीचं होतं की धाकटीचं? नवरी कुठं दिसतीय का बघा जरा. बसूनं ती गोष्ट माझ्या लग्नात माईकवर सांगितली.

लग्नाचा हंगाम संपला की काम नसायचं. तेव्हा आम्ही लहान लहान गमतीची चित्रं करायला लागलो, चार-पाच मिनिटांची, मोबाईलवर बघायची. आक्का सासू व्हायची, कधी पेठेतली गिऱ्हाईक, कधी दोन भाषांत भांडणारी शेजारीण. प्रत्येक प्रसंग आम्ही दोनदा करायचो, एकदा मराठीत, एकदा कानडीत, तीच माणसं, तीच जागा, कारण आमच्याकडं दोन्ही येणारी माणसं फुकट मिळतात, मुंबईला ती विकत घ्यावी लागतात. त्यामुळं कोल्हापूरलाही आमचं चालायचं आणि धारवाडलाही. आवाजाची अडचण होती. गल्लीत दिवसभर खडखडाट. आमच्यात अमावास्येला माग बंद असतात, म्हणून आम्ही चित्रण अमावास्येला धरायचो. बाहेरची कंपनी अमावास्येला कॅमेरा हातात धरायची न्हाई, आमच्या कंपनीचा मुहूर्तच अमावास्येचा. दुसऱ्या दिवशी करायचं झालं तर आई घरोघर जायची, जरा दहा मिनटं थांबवता का, पोरगी बोलूलालीय. आणि थांबवायचे हो. एकेक माग बंद होत जायचा, शेवटचा बंद झाला की आख्खी गल्ली गप्प, आणि त्यात आक्काचा एकटीचा आवाज. आम्ही कंपनीचं नाव खडखड ठेवलं. बसू म्हणाला, जे आपल्याला नको हाय तेच नाव ठेवूया.

मग वाढत गेलं. साडीच्या दुकानांच्या जाहिराती आल्या, मग एक अर्ध्या तासाचं चित्र केलं, ते बाहेर कुठं कुठं दाखवलं, लोकांना आवडलं. ते बघून मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं बोलावलं, म्हणाले, आमच्या नावाखाली काम करा, सगळं आम्ही बघतो. मी घरी येऊन सांगितलं. आक्का कांडी बदलत होती, माग थांबवून म्हणाली, परश्या, दुसऱ्याच्या बिगारीत साडी विणताना बाबा गेले, आता पिच्चर तरी आपला असूदे. आम्ही न्हाई म्हणालो. आणि वर्षाच्या आत एका मराठी चॅनलनं सरळ आमच्याकडनं मालिका मागितली. गोष्ट आमच्यातलीच, बापामागं माग चालवणारी बाई. चॅनलच्या म्हॅडम होत्या, त्यांनी आक्काला बघितलं आणि म्हणाल्या, हाच चेहरा पाहिजे. मी घरी येताना बसूच्या गाडीवर मागं बसून रडलो. बसू म्हणाला, लेका, माझ्या शर्टाला पूस पण वाऱ्यावर सोडू नको, मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यात जायलंय.

निपाणीजवळ तंबाखूची एक जुनी वखार भाड्यानं घेतली आणि आत आमच्या घरासारखं घर उभं केलं. वडगावातनं दोन माग उचलून नेले. पहिला आठवडा नुसत्या शिंका. भिंतीत तंबाखू मुरलेला, प्रसंग रंगात आला की कुणीतरी शिंकायचं. आक्का सोडून. ती म्हणाली, मागाच्या खोलीतला पिंजलेला कापूस नाकात घेऊन वाढलेय मी, मला तंबाखू काय करतोय. गल्लीतली किती माणसं कामाला आलती, कुणी कपडे बघायला, कुणी जेवणाला, कुणी दिवे धरायला. त्यांनी माग बंद ठेवून माझ्याकडं काम धरलं. हे ध्यानात ठेवा, कारण मी जे केलं ते मी ह्यांच्याकडं बोट दाखवून केलं, म्हणजे मनातल्या मनात.

पहिले भाग जोडून चॅनलला पाठवले आणि म्हॅडमचा फोन आला. बाई वाईट न्हवत्या. म्हणाल्या, परशरामजी, सगळं सुंदर आहे, फक्त तुमच्या ताईंचं बोलणं प्रेक्षकाला जड जाईल, ते आपण पुण्यात दुसऱ्या मुलीकडून करून घेऊ, वाक्यंही थोडी साफ करू, चेहरा त्यांचाच राहील. मी म्हणालो, तिचा आवाजच तर हाय. म्हणाल्या, मला कळतंय, पण वरच्यांचं तसं ठरलंय, तुम्हाला जमत नसेल तर ह्या वेळेला आम्हाला दुसरी मालिका घ्यावी लागेल. मी दोन दिवस मागितले.

त्या दोन दिवसांत मी आक्काला सांगू शकलो असतो. रोज सकाळी एका गाडीतनं आम्ही वडगावातनं निपाणीला जायचो, ती माझ्या शेजारी बसायची, डब्यातलं मला द्यायची. मी रोज ठरवायचो की आता सांगतो. पण तिला तोंडावर म्हणायचं कसं, आक्का, तुझं बोलणं चालत न्हाई. ज्या बोलण्यावर मला पुण्यात सगळी हसली आणि मी ते टाकून दिलं, ते तिनं टाकलं न्हवतं, आणि तेच तिच्याकडनं काढून घ्यायचं. मी मनात म्हणालो, टीव्हीवर कुणाला काय कळतंय, ओठ तिचे, चेहरा तिचा, आवाज जरा बारीक केलाय म्हणून सांगू. मी म्हॅडमना हो म्हणून कळवलं. बसूलाही नीट सांगितलं न्हाई. पुण्याला जाऊन त्या मुलीशेजारी बसून मी एकेक भाग करून घेतला. मुलगी चांगली होती, गुणी, तिचा काही दोष न्हाई. आणि आमच्याकडं तेव्हा चित्रणाची कार्डं मोजकी, भाग जोडून झाला की ती पुसायची आणि परत वापरायची. आक्काच्या आवाजाची सगळी कार्डं मी माझ्या हातानं पुसली.

ज्या दिवशी मालिका लागायची होती त्या दिवशी गल्लीनं संध्याकाळी माग बंद केले. रस्त्यात टेबल टाकून त्यावर टीव्ही ठेवला, आईनं त्याला हळदकुंकू लावलं. आक्का आमच्याच मागावरची साडी नेसलेली, जांभळी, तिनं स्वतः विणलेली. गल्लीत एकदम गडबड, गप्प बसा रं, सुरू झालं. आणि आक्का पडद्यावर आली, माग चालवताना, आणि मालक येतो, आणि ती त्याच्याकडं वळून बोलते.

मी जे विसरलो होतो ते त्या क्षणाला माझ्या ध्यानात आलं. कसा विसरलो सांगा. त्या रस्त्यावर बसलेलं एकूण एक माणूस ओठ वाचणारं होतं.

आक्का चित्रणात म्हणाली होती, माझ्या मागाला हात लावलास तर मनगट ठेवणार न्हाई. तिचे ओठ तेच म्हणत होते. आणि टीव्हीतनं बारीक गोड आवाज आला, कृपा करून माझ्या कामात अडथळा आणू नका. क्षणभर कुणाला कळलं न्हाई. मग समोरची ती सून, आता ती स्वतः सासू झालीय, ती मोठ्यानं म्हणाली, अगं आक्का, तू तर मनगट म्हणूलालीस, ही कोण आत शिरलीय? आणि लोक हसले. दुसरं वाक्य आलं, परत ओठ एक आणि आवाज एक, परत हसले. पोरं तर आक्काचे ओठ बघून खरं वाक्य मोठ्यानं म्हणायला लागली, टीव्हीच्या वर. थोड्या वेळानं हसणं थांबलं. मोठी माणसं माझ्याकडं बघायला लागली आणि मी टीव्हीकडं बघत राहिलो. आक्कानं शेवटपर्यंत बघितलं. नावं वर सरकत गेली ती सगळी बघितली, त्या पुण्याच्या मुलीचं नावसुद्धा, ते आलं तेव्हा तिनं ते तोंडातल्या तोंडात वाचलं. मग उठली, आईला म्हणाली, टीव्ही आत घे, आणि आत जाऊन तिनं माग चालू केला. बाकीच्या सगळ्या घरातले बंद होते. तिचा एकच चालला होता.

मला वाटलं दुसऱ्या दिवशी ती वखारीत यायची न्हाई. आली. वेळेवर आली. गाडीत माझ्याशेजारी न बसता मागं बसली एवढंच. तोंड रंगवून घेतलं, जागेवर उभी राहिली. बसूनं कॅमेरा चालू केला, समोरच्या नटानं वाक्य टाकलं, आणि आक्का बोलली. आवाज धरणारा पोऱ्या म्हणाला, सर, आवाज येत न्हाई. मी म्हणालो, वायर बघ. त्यानं वायर बदलली. परत केलं. परत न्हाई. तिसऱ्यांदा मी स्वतः हेडफोन कानाला लावून ऐकलं. समोरच्या नटाचा येत होता, पंख्याचा येत होता, बांगड्यांचा येत होता. आक्काचे ओठ चालले होते, प्रत्येक शब्द नीट, रागाच्या जागी राग, डोळ्यात पाणी यायच्या जागी पाणी, पण आवाज न्हाई. ती नुसते ओठ हलवत होती, मागाच्या खोलीत हलवतात तसे. मी हेडफोन काढला. तिनं बसूकडं बघितलं आणि म्हणाली, बसू, बरं झालं का? आवाज तर त्यांना तिकडनंच लावायचा हाय, मग हितं घसा कशाला सुकवायचा.

त्या मालिकेचे पुढचे सगळे भाग तिनं तसेच केले. एकही दिवस चुकवला न्हाई, एक वाक्य चुकलं न्हाई. चॅनलला काहीच फरक कळला न्हाई. उलट म्हॅडम म्हणाल्या, ताईंचा अभिनय आता अजून बारीक झालाय. वखारीत मात्र काय वाटायचं ते मला म्हाईत. समोरचा नट बोलायचा, मग गप्प, मग परत बोलायचा, आणि मधल्या त्या गप्पपणात तिचे ओठ. मालिका संपली तशी ती घरी गेली आणि परत मागावर उभी राहिली.

माझ्याशी ती तेव्हापासनं बोलत न्हाई. मी पाय धरले. तिनं पाय आत ओढून घेतले, कांड्या भरत राहिली आणि आईला म्हणाली, आई, ह्याला सांग, मी रागावलेली न्हाई, मला बोलायचं न्हाई एवढंच. मी म्हणालो, आक्का, तेवढ्या माणसांचं काम गेलं असतं. ती आईला म्हणाली, ह्याला विचार, मला विचारायला काय झालतं? मी हो म्हणाले असते. आई माझ्याकडं वळून म्हणाली, ती म्हणतीय, हो म्हणाली असती. म्हणजे बघा, तीन फुटावर आम्ही तिघं, आणि आई मधी बसून मला परत सांगतीय. ते हो म्हणाले असते हे मी अजून गाडी चालवताना मधीच ऐकतो.

मग तसंच चालू झालं. मी आता वेगळा राहायचो, अमावास्येला घरी जायचो, त्या दिवशी तिला काम नसतं. जेवायला बसलो की आक्का म्हणायची, आई, त्याला विचार भाकरी वाढू का. आई म्हणायची, परश्या, भाकरी वाढू का? मी म्हणायचो, आई, अर्धी म्हणून सांग. माझ्या पोरीची शाळा, सुनीताची तब्येत, सगळं ती विचारायची, आईच्या तोंडानं. माग चालू असताना कधी गेलो तर ती तोंड भिंतीकडं करायची, मला ओठ दिसू नयेत म्हणून. सुनीताशी बोलायची, चांगलं बोलायची. सुनीता मला म्हणायची, अहो, वन्सं आज लई हसल्या. कशाला ते सांगायची न्हाई, आणि मी विचारायचो न्हाई.

कंपनी तुम्ही बघितलीच. हमरस्त्याला स्वतःची जागा झाली, भिंती अशा की आत बाहेरचा काही आवाज येत न्हाई, कुणाला थांबा म्हणून सांगायला लागत न्हाई. मराठी झालं, कानडीही झालं. कुणाच्या हाताखाली अजून न्हाई. बसू बेंगळूरला गेला, त्याला मोठी कामं मिळाली, भांडण काही न्हाई, फोन येतो, पण शिव्या देत न्हाई आता, मलाही सर म्हणाला एकदा, मी फोन ठेवला. गल्लीतली माणसं एकेक करून सुटली, काही वयानं, काही अशीच. आता सगळी शिकलेली पोरं, चांगली हायत, दार वाजवून आत येतात. मला परश्या म्हणणारं माणूस कंपनीत एकही न्हाई.

आणि गंमत बघा, अलीकडं सगळ्यांना गावाकडचंच बोलणं पाहिजे झालंय. त्याच म्हॅडम, आता दुसरीकडं हायत, त्यांचा फोन आला, ती पहिली मालिका परत दाखवायची म्हणतात, पण ताईंच्या मूळ आवाजात, तुमच्याकडं असेलच ना? मी म्हणालो, बघतो. काय बघणार होतो मी? तरी गेलो, आईला म्हणालो, आई, आक्काला विचार, एकदा येऊन सगळं परत बोलशील का. आक्का भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, आई, त्याला सांग, ती पुण्याची बाई बरी बोलतीय, तिलाच ठेव. आईनं ह्या वेळी मला परत सांगितलं न्हाई. ती म्हणाली, ऐकलास न्हवं? आणि उठून आत गेली.

आई ह्या वर्षी गेली. झोपेतच गेली, त्रास काही न्हाई. दिवसकार्य होईपर्यंत घर भरलेलं होतं, मामा होते, सुनीता होती, बोरगावची सगळी आलती, आक्का एकाला सांगायची, तो मला सांगायचा, त्यामुळं काही कळलं न्हाई. मग सगळी गेली. पुढच्या अमावास्येला मी गेलो तेव्हा घरात ती आणि मी. दुसरं कुणी न्हाई. पोरीला तरी घेऊन यायला पाहिजे होतं असं वाटलं, पण तिची परीक्षा होती. आक्कानं पाट मांडला, ताट आणून ठेवलं, आमटी, चटणी, भाकरी. मी जेवायला लागलो. एक भाकरी संपली. तिनं सवयीनं चुलीकडच्या, आई बसायची त्या कोपऱ्याकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. मीही तिकडंच बघितलं.

मग ती भाकरी हातात घेऊन माझ्या ताटाशी येऊन उभी राहिली. मी ताटावर हात आडवा धरला तर ती परत जाणार, न धरला तर वाढणार. ती माझ्याकडं बघत न्हवती, ताटाकडं बघत होती. मी हात धरला न्हाई. तिनं वाढली. ती खाल्ली, परत येऊन उभी राहिली. परत धरला न्हाई. पोट भरलं होतं. हात आडवा धरला की झालं, मग उठायचं, मग पुढच्या महिन्यापर्यंत काही न्हाई.

आता दर अमावास्येला तसंच असतं. सकाळपासनं मी काही खात न्हाई. सुनीता म्हणते, तब्येत बघा, एवढं खाऊन येता. आक्का थकलीय आता, पण पीठ स्वतःच मळते, आणि जास्तीचं मळते, ते मी बघितलंय. तिला आयुष्य मिळूदे, हात-पाय धड राहूदेत, एवढंच म्हणतो मी. ती भाकरी घेऊन येऊन उभी राहते आणि मी हात मांडीवर ठेवून बसतो.